उजव्या पायाची साक्ष

आर्वीतल्या अर्ध्याअधिक बायकांचे चेहरे आनंदाबाईच्या ध्यानात राहत नाहीत. पाय मात्र राहतात. बाजारात कुणी समोरून हसत आली, की आनंदाबाईची नजर आधी जमिनीकडे जाते. टाचेला उभी भेग, करंगळीजवळ भाजल्याचा डाग, म्हणजे ही जुळ्यांची आई. मग मान वर करून ती विचारते, "काय वं, दोघं बी शाळेत जाऊन राह्यले ना आता?" त्या बाईला वाटतं, केवढी ही माया, केवढी आठवण. आठवण खरीच, पण ती टाचेची.

गावातल्या एका मोठ्या घरच्या सुनेला डाव्या पायाला सहावं बोट आहे, आणि ती उन्हाळ्यातही बंद चपला का घालते हे आनंदाबाईला ठाऊक आहे. दुसऱ्या एकीच्या घोट्यावर एक नाव गोंदलेलं आहे, ते तिच्या नवऱ्याचं नाही. मग कुणाचं, हे आनंदाबाईने कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याने, रूपरावाने, नाना तऱ्हांनी खोदून पाहिलं. पण रूपराव एसटी डेपोत गाड्या धुवायच्या कामावर होता. त्याच्या कानात घातलेली गोष्ट सकाळच्या गाडीने पुलगावला आणि दुपारच्या गाडीने नागपूरला पोचते, हे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिला कळून चुकलं होतं.

एवढे पाय तिने पाहिले ते नोकरीपायी. डेपोच्या मागच्या गल्लीत बाळंतपणाचं एक खाजगी हॉस्पिटल आहे. तिथल्या ऑपरेशन थिएटरात ती एकतीस वर्षं मावशी आहे. फरशी पुसायची, चादरी उचलायच्या, औजारं उकळायला न्यायची, आणि ऑपरेशन चालू असताना पायाशी उभं राहायचं. डॉक्टर पोटाशी, भूल देणारे डोक्याशी, मावशी पायाशी, अशी ती वाटणी. डोक्याशी असलेल्याने बोलायचं, पोटाशी असलेल्याने हुकूम सोडायचे, आणि पायाशी असलेल्याने तोंड बंद ठेवायचं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेले नियम लोक मोडतात. हा कुणी मोडत नव्हतं.

पायाशी उभं राहून आनंदाबाई जे शिकली, ते जोडव्यांमुळे शिकली. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायचं असतं. बांगड्या काढतात, नाकातलं काढतात, मंगळसूत्रही आईच्या हातात देतात. पण जोडवी काढायची म्हटली की दारात भांडण उभं राहतं. सासू म्हणते, धन्याच्या जिवाचं आहे, हात लावायचा नाही. सिस्टर म्हणते, मग घेऊन जा पेशंट घरी. या रोजच्या कटकटीवर आनंदाबाईने स्वतःच एक तोड काढली. सासूला सांगायचं, "राहू द्या जी, नाई काढत." पोरीला आत न्यायचं, कमरेत भुलीची सुई देऊन होऊ द्यायची, आणि मग साबणाचा हात लावून जोडवी अलगद उतरवायची. गॉजच्या तुकड्यात बांधून ठेवायची आणि बाहेर नेण्याआधी पुन्हा चढवायची. सासू खूश, सिस्टर खूश, आणि नवऱ्याच्या जिवालाही एकतीस वर्षांत कधी काही झालेलं नाही. ज्यांना झालं, त्यांना दारूने झालं.

त्यामुळे सुई दिल्यानंतरची पहिली पाच मिनिटं तिचे हात पेशंटच्या पायांवर असत. आणि हातांच्या लक्षात आलं, की सुई नीट लागली तर पाय बदलतो. थंडगार पाय बघता बघता गरम होतो, तळवा गुलाबी होतो, पावलावरच्या शिरा फुगून वर येतात. सुई लागली नाही, तर पाय होता तसा राहतो.

त्या वेळी हॉस्पिटल भैय्याजी डॉक्टरांचं होतं. एकदा तिने भीत भीत त्यांना हे विचारलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तू फरशी पूस. भैय्याजी स्टुलावर बसले आणि त्यांनी तिला समजावून सांगितलं.

"हे पाह्य आनंदा. पायातल्या रक्ताच्या नळ्या आहेत ना, त्यायले आवळून धरणाऱ्या बारक्या नसा असते. कालव्याच्या फाटकावर माणूस बसवला असते, तशा. कमरेतली सुई लागली की पह्यले तो माणूस झोपते. फाटक उघडलं, रक्त धावलं, पाय गरम. दुखणं सांगणाऱ्या नसा बी त्याच्याच संगं झोपते."

"मंग पाय थंड असन तर?"

"तर फाटकावरचा माणूस जागा आहे. अन् तो जागा असन तर मी चाकू लावत नाई."

तेव्हापासून भैय्याजींची एक पद्धत पडली. ते चिमट्याने पोट चिमटून बघत, पोरीला विचारत, आणि मग पायाकडे मान वळवून म्हणत, "काय म्हणते पाय?" आनंदाबाई म्हणे, "झोपला जी." मगच चाकू. मोठमोठे शिकलेले भूल देणारे डोक्याशी उभे असायचे, त्यांना हे झोंबायचं. भैय्याजींना त्यांच्या झोंबण्याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर आनंदाबाईलाही वाटायची.

पण भैय्याजी रोज नसत. एकोणीस वर्षांपूर्वी ते गावाला गेले असताना बाहेरून आलेल्या सर्जनने दीपमाला नावाच्या पोरीचं ऑपरेशन केलं. सुई दिली, जोडवी निघाली, आणि आनंदाबाईच्या हाताला पाय थंड लागला. दीपमाला म्हणत होती, मला कळतंय. डोक्याशी असलेला म्हणाला, "बाई, दाब लागतो, दुखत नाही."

हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा काढलं, त्याला एकदा त्या टेबलावर आडवा करायला हवा होता. दाब लागतो, दुखत नाही. सुई नीट लागलेली असते तेव्हा ते खरंही असतं, आणि तीच पंचाईत आहे. खरं वाक्य असल्यामुळे ते कुणाच्याही तोंडावर मारता येतं. बाई ओरडली तर घाबरट, रडली तर नाटकी, आणि गप्प राहिली तर बघा, म्हणालो नव्हतो.

त्या दिवशी आनंदाबाई पायाशी होती आणि गप्प राहिली. चाकू लागला तेव्हा दीपमालाचा आवाज खाली गल्लीपर्यंत गेला. मग धावाधाव करून तिला पूर्ण बेशुद्ध केलं. पोरगा झाला, बरा झाला, आता ट्रॅक्टर चालवतो. दीपमालाने डेपोजवळ बांगड्यांचं दुकान टाकलं. आनंदाबाई दिसली की ती हाक मारून बोलावते, दोन बांगड्या जास्तीच्या चढवते आणि गिऱ्हाइकांना सांगते, "त्या दिवशी माह्ये पाय हिनंच धरले होते बाप्पा, नाई तर मी मरून गेलती." आनंदाबाईला त्या बांगड्या मनगटात चावतात. तिने बांगड्या आष्टीच्या बाजारातून आणायला सुरुवात केली. तीस किलोमीटरवरून बांगड्या कशाला, असं रूपरावाने विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथल्या टिकते." रूपरावाने ही बातमीसुद्धा डेपोत पोचवली. दीपमालाच्या कानावर गेलीच असणार, पण तिने हाक मारायचं सोडलं नाही.

भैय्याजी गेले. आता हॉस्पिटल त्यांची सून डॉक्टर सपना चालवतात. हाताला सफाईदार, स्वभावाने सरळ, बोलायला थोड्या तुटक. भूल द्यायला डॉक्टर पियुष येतात, किराणावाल्या हिरालालजींचा मुलगा. हिरालालजींची दुकानदारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल, की तराजूच्या पारड्यात गुळाबरोबर त्यांचा अंगठाही असायचा. पोरगा तसा नाही. हुशार, नीटनेटका, कुणाला वाकडं न बोलणारा. फक्त एका दिवसात पाच हॉस्पिटलं करणारा. सकाळी आर्वी, अकराला पुलगाव, मग वर्धा. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर जेवणाचा डबा असतो, तो बहुतेक तसाच घरी परत जातो, असं ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगतो.

पियुषबाबूंनी मागच्या वर्षी एक नवं यंत्र आणलं. चिमटा पायाच्या अंगठ्याला लावायचा. बोटात रक्त किती जोराने वाहतं त्याचा आकडा पडद्यावर येतो. सुईच्या आधी आकडा एकच्या आसपास असतो, आणि सुई लागली की तीन, चार, पाच असा चढत जातो. आनंदाबाईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. घरी जाऊन रूपरावाला म्हणाली, "जे माह्या हातानं समजते ना, ते आता टीव्हीवर दिसते."

"मंग तुह्यी नोकरी गेली म्हण की," रूपराव म्हणाला.

"चिमटा जोडवी काढते का?"

 

यंत्र चांगलंच होतं. त्याचा राग आनंदाबाईला तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण यंत्र आल्यावर तिला कुणी विचारेनासं झालं, आणि हळूहळू टेबलावरच्या बाईलाही विचारेनासं झालं. आधी स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून विचारायचे, गार लागतं का, म्हणजे अजून जाणीव आहे का. आता विचारायचे, पण बघायचे पडद्याकडे.

या जानेवारीत अंकिता आली. माहेर आर्वीजवळच्या खेड्यातलं, सासर नाचणगावचं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. लेकरू पायाळू, म्हणून ऑपरेशन ठरलेलं. सासू आणि नवरा धनंजय सकाळच्या पहिल्या एसटीने हजर झाले होते. दारात सासूने रीतीप्रमाणे जोडव्यांवरून वाद घातला, आनंदाबाईने रीतीप्रमाणे तो मिटवला. मग जाता जाता सासूबाई पियुषबाबूंना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमची पोट्टी थोडी नाजूक आहे. सुईचं नाव घेतलं तरी रडते. तिच्या बोलण्यावर जाऊ नोका."

अंकिताची आई शेजारीच उभी होती. तिच्या ओठावर काही आलं, आणि विहिणीकडे बघून ते तिने गिळलं. धनंजय मोबाईलमध्ये बघत होता. झालं. पोरगी टेबलावर चढण्याआधीच तिची साक्ष बाद झाली, आणि ती बाद करणारी तिच्याच घरची. न्यायालयातसुद्धा आधी साक्ष ऐकतात, मग खोटी ठरवतात.

थंडी कडाक्याची होती. सुई देताना अंकिता लटलट कापत होती. आडवी झाल्यावरही तिचे दात वाजत होते. आनंदाबाईला दया आली. कोपऱ्यातला हवा फेकणारा हिटर तिने उचलला आणि पायाशी लावला. वायर आखूड, डाव्या बाजूच्या प्लगपर्यंतच पोचत होती. म्हणून हिटर डाव्या पायाजवळ ठेवला. तिने चूक केली ती ही, आणि तेव्हा तिला ती चूक वाटली नाही. गारठलेल्या पोरीच्या पायाला ऊब देणं ही चूक आहे, असं कोणत्या आईने शिकवलं असतं?

चिमटाही डाव्याच अंगठ्याला होता.

पाच मिनिटांत आकडा चढला. एकवरून दोन, अडीच, साडेचार. पियुषबाबूंनी बोळा फिरवला.

"गार लागतं?"

"लागते," अंकिता म्हणाली.

"थोडंसं ना?"

"नाई जी. चांगलं लागते."

पियुषबाबूंनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "आकडा मस्त आला आहे, मॅडम. घाबरली आहे जरा. तुम्ही घ्या."

तोवर आनंदाबाईने डाव्या पायातली जोडवी काढली होती. पाय गरम, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा. मनातल्या मनात 'झोपला' म्हणून ती उजव्या पायाकडे वळली, आणि तिचा हात थबकला. उजवा पाय माठाच्या बुडासारखा गार. तळवा पांढरा. पावलावर एक शीर वर आलेली नाही. तिने पुन्हा डावा चाचपला. वरची बाजू, जिथे हिटरची हवा लागत होती, तिथे गरम. टाचेखाली हात घातला, टाच थंड.

वर डॉक्टर सपनांनी चिमट्याने पोटाची कातडी धरली.

"दुखते," अंकिता म्हणाली. ओरडून नाही, रडून नाही. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तशी म्हणाली.

"दाब लागतो तो," पियुषबाबू तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "दुखत नाही."

त्यांचा हात मायेचा होता, हे मान्य केलं पाहिजे. पण मायेने म्हटल्याने खोटं खरं होत नाही. दुखतं आहे की नाही हे ज्या बाईचं पोट तिला कळणार, की डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाला? किराणा दुकानातसुद्धा गूळ गोड आहे का हे ज्याने तोंडात घातला त्याला विचारतात.

आनंदाबाईने वर पाहिलं. सपनामॅडमच्या हातात चाकू आलेला होता. एकतीस वर्षांत तिने पायाशी उभं राहून आपणहोऊन एक शब्द काढला नव्हता.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली.

थिएटरमध्ये सगळे तिच्याकडे बघायला लागले. सिस्टर आचलच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"काय झालं, मावशी?" सपनामॅडमच्या आवाजात धार होती.

"पाय झोपले नाई."

"मावशी, आकडा साडेचार आहे," पियुषबाबू म्हणाले. "दिसतो ना तुम्हाला?"

"दिसते जी. तो आकडा सुईचा नाई. माह्या हिटरचा आहे. मीच लावला डाव्या पायाले. उजवा पाह्यजा, बर्फ आहे."

"असं नसतं, मावशी."

आनंदाबाईने वाद घातला नाही. डाव्या अंगठ्याचा चिमटा काढला आणि उजव्या अंगठ्याला लावला. पडद्यावरची रेघ पुसली गेली, थरथरली, पुन्हा उमटली. आकडा थोडा घुटमळला आणि पॉइंट नऊवर येऊन बसला. तिथून तो हलला नाही. पियुषबाबू चिमटा नीट बसला आहे का ते बघायला स्वतः पायाशी आले. त्यांनी चिमटा बघितला, मग न सांगता पायाला हात लावला. मास्क आणि टोपीच्या मधून त्यांचे कान दिसत होते. ते लाल झाले.

सपनामॅडमनी चाकू ट्रेमध्ये ठेवला. ऑपरेशनच्या चिमट्याने पुन्हा कातडी धरली. "अंकिता, काय होतं आहे?"

"दुखते म्हणून राह्यली ना मी," अंकिता म्हणाली.

मग जे करायला हवं ते केलं. हिटर बंद झाला. अंकिताला पुन्हा बसवलं, पियुषबाबूंनी पुन्हा सुई दिली. या वेळी घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आनंदाबाई दोन्ही पावलं दोन्ही हातांत धरून उभी राहिली. दोन मिनिटांत तळवे गरम झाले, टाचासुद्धा. पावलांवर शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. कुणी न विचारता ती म्हणाली, "आता झोपले जी." सपनामॅडमनी अंकिताला विचारलं, चिमटलं, पुन्हा विचारलं. अंकिता म्हणाली, "काहीच नाई." पंधरा मिनिटांत अंकिताची पोरगी बाहेर आली, पाय आधी. रडली ती अशी, की दारातल्या दोन्ही आज्यांनी एकदमच पदर डोळ्याला लावला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. आनंदाबाई चादरी गोळा करत होती आणि मनातून खूश होती. आचल टेबलाशी बसून फाईलमध्ये आपला भाग भरत होती. भरता भरता ती फिस्कन हसली.

"काय झालं?"

"पियुष सरांनी लिहिलंय. बघा ना. पेशंट घाबरट, सहकार्य नाही, म्हणून सुई पुन्हा द्यावी लागली."

आनंदाबाईच्या हातातल्या चादरी खाली पडल्या. "वाच पुन्हा."

आचलने ते इंग्रजी पुन्हा वाचलं आणि मराठीत उकलून सांगितलं. ती तशी भोळी पोरगी. तिला वाटलं मावशीला गंमत वाटेल.

"हे लिवलेलं कुठी जाते?"

"फाईलमध्येच राहते. पुढच्या बाळंतपणाला आली की डॉक्टर आधी हेच वाचतात."

म्हणजे सुई चुकली डॉक्टरची, हिटर चुकला मावशीचा, आणि कागदावर चुकली ती पोरगी, जिने सुरुवातीपासून एकच खरी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. दोन-चार वर्षांनी ती पुन्हा कुठल्यातरी टेबलावर झोपेल. डोक्याशी कुणी नवा असेल. तो फाईल वाचेल, मान डोलावेल आणि म्हणेल, दाब लागतो. सासू दारात जे बोलली ते निदान हवेत गेलं असतं. पियुषबाबूंनी ते शाईने पक्कं केलं.

आनंदाबाई जिन्याने खाली धावली. गुडघे दुखतात म्हणून ती दहा वर्षं एकेक पायरी उतरते. त्या दिवशी गुडघ्यांना विचारायला वेळ नव्हता. पियुषबाबू गाडीचं दार उघडत होते.

"पियुषबाबू, थांबा जरासेक."

"मावशी, पुलगावची केस खोळंबली आहे. आणि आज तुम्ही चांगलं केलं हां. थँक्यू."

"थँक्यू ठेवा तुमचा. फाईलीत काय लिवलं तुम्ही?"

पियुषबाबू थबकले. "ते मेडिकलचं असतं, मावशी. तुम्हाला नाही समजणार."

"मले इंग्रजी समजत नाई. आचलले समजते. सहकार्य नाई म्हणजे काय? हालली का ती? तिनं हात झटकला का तुमचा? तिनं सांगतलं दुखते. दुखतच होतं."

"अहो, ती एक पद्धत असते लिहायची."

"हाव. तुमच्या पद्धतीत बाईच चुकते काय?"

ड्रायव्हरने आरसा नीट करायच्या निमित्ताने कान इकडे लावला. चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे उठून उभे राहिले. पियुषबाबूंचा आवाज खाली आला, आणि थोडा कडक झाला. "बघा मावशी, हिटर कोणी लावला होता? तेही लिहावं लागेल मग."

त्यांना वाटलं, मावशी आता गप्प बसेल. नोकरीवरची बाई, अठ्ठावन्न वय, कशाला अंगावर घेईल.

"लिवा," आनंदाबाई म्हणाली. "आनंदाबाईनं हिटर लावला, म्हून आकडा चढला, असं लिवा. माह्यं पूर्ण नाव लिवा, सही बी करून देतो मी. पण त्या पोट्टीचं नाव काढा त्यातून. तिनं काय केलं?"

पियुषबाबूंनी घड्याळाकडे पाहिलं.

"पुलगाव कुठी पळून नाई जात," आनंदाबाई म्हणाली. "तिथल्या बाईले बी हेच पाहिजे, का डॉक्टर खरं लिवते."

 हिरालालजींच्या पोराला जन्मापासून गिऱ्हाईक ओळखायची सवय. हे गिऱ्हाईक परत जाणारं नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. किंवा तो थंड पाय त्यांच्या हाताला अजून लागत असावा. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि जिना चढले.

आचलच्या टेबलाशी उभ्याउभ्याच त्यांनी ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि खाली नवीन लिहिलं. लिहून झाल्यावर आनंदाबाईने आचलकडे फक्त पाहिलं. आचलने मोठ्याने वाचलं आणि उकलून सांगितलं. पहिली सुई लागली नव्हती. पेशंटने दुखत असल्याचं वेळोवेळी सांगितलं होतं. डावा पाय हिटरने गरम झाल्यामुळे यंत्राचा आकडा फसवा आला. दोन्ही पाय तपासावेत. हिटर कुणी लावला, ते मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

"झालं, मावशी?"

"नाई जी. हे कागदाले सांगतलं. तिले कोण सांगन?"

"तिला काय सांगायचं? ती बरी आहे."

"वार्डात चाला."

वॉर्डात अंकिता उशाला टेकून होती. पोरगी सासूच्या मांडीवर होती. सासूबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला रंगवून सांगत होत्या, की त्यांची सून आत किती रडली असेल, घरी तर काटा रुतला तरी गाव गोळा करते. अंकिताची आई पायथ्याशी बसून लेकीची पावलं चेपत होती आणि खाली मान घालून ऐकत होती. डॉक्टर आल्यावर सासूबाई सावरून बसल्या. "फार त्रास देल्ला असन जी हिनं तुम्हाले."

पियुषबाबू खाटेशी उभे राहिले.  पाच हॉस्पिटलांत रोज वीस जणांना भूल देणारा माणूस, पण असं वाक्य कधी बोलायला लागलं नव्हतं. आनंदाबाईने मदत केली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

अंकिताने त्यांच्याकडे बघितलं. तिलाच राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, मी सांगून राह्यली होती ना?"

"हो," पियुषबाबू म्हणाले. मग सासूकडे वळून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "ही बरोबर सांगत होती. दुखत होतं तिला. मीच ऐकलं नाही. पुढच्या वेळी कुठेही गेलात, तर ही काय म्हणते ते आधी ऐका."

सासूबाईंनी मांडीवरच्या पोरीचं अंगडं नीट केलं, मग पुन्हा केलं. धनंजयने मोबाईल खिशात घातला. अंकिताच्या आईने विहिणीकडे न बघता, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, "माह्यी पोट्टी लहानपणापासून खोटं बोलत नाई जी," असं सांगितलं, आणि लेकीचा दुसरा पाय मांडीवर घेतला.